सत्ताविसावा प्रश्न

सर, गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरते. शिरूरला अजूनही कुणी भेटलं आणि मी समाजशास्त्र शिकवते असं कळलं, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, ‘मग तुम्ही सरांच्याच की!’ मी हसून हो म्हणते. तुमच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही आणि त्याचाही मला राग येतो. इतकी वर्षं हे सगळं मी गिळून होते. पण परवा गुरुवारी माझ्या टेबलावर एक कागद आला आणि तो वाचल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्ही आता मध्येच थांबवून ‘मुद्दा काय?’ असं विचारू शकणार नाही, की समासात लाल शाईनं काही लिहिणार नाही. तेव्हा आज माझं सगळं ऐकून घ्यावं लागेल.

आधी तुमचं चांगलं सांगून टाकते, म्हणजे मग मोकळेपणानं भांडता येईल. मी केंदूरहून सकाळच्या एसटीनं शिक्रापूरला यायची आणि तिथं गाडी बदलून नगर रोडनं शिरूरला. बारावीला चांगले मार्क असूनही डीएड न करता मी बीएला आले, म्हणून गावानं मला वेड्यात काढलं होतं. ‘समाजशास्त्र म्हंजी काय असतंय गं? समाजात तर आपण ऱ्हातोच की,’ असं शेजारची आजी म्हणायची आणि तिला काय उत्तर द्यावं ते मलाही कळायचं नाही. बाकीचे सर खुर्चीत बसून नोट्स सांगत, ‘व्याख्या’ म्हणत, आम्ही ‘व्याख्या’ असं लिहून खाली रेघ मारत असू. तुम्ही तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच तासाला आम्हाला शिरूरच्या एसटी स्टँडवर नेऊन बसवलंत आणि म्हणालात, तासभर बसा, कोण कुठं बसतंय ते लिहा. मी लिहिलं, ‘बायका गप्प बसल्या होत्या.’ तुम्ही त्यावर काट मारलीत. ‘गप्प बसल्या हे तुला दिसलं. का बसल्या ते विचारलंस? मग अर्धं कशाला लिहिलंस?’ सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, पण घरी जाताना एसटीत मी शेजारच्या बाईला पहिल्यांदा काहीतरी विचारलं. शिक्रापूर येईपर्यंत ती बोलत होती. समाजात राहणं आणि समाज शिकणं यात काय फरक असतो ते मला त्या दिवशी कळलं. ते तुमचं देणं आहे, मी नाकारत नाही.

मग त्याच वर्षी तुम्ही ग्रामसर्वेक्षणासाठी माझंच गाव निवडलंत. मला केवढा अभिमान वाटला होता! आठवडाभर आधी तुम्ही आमची तयारी करून घेतलीत. हिला प्रश्नावली म्हणायचं नाही, मुलाखत अनुसूची म्हणायचं. प्रश्नावली उत्तर देणारा भरतो, अनुसूची आपण समोर बसून भरतो. उत्तर देणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आपली भाषा घालायची नाही. ‘घरगुती कारण’ असं उत्तर आणलंत तर परत पाठवीन, कारण घरगुती हे उत्तर नव्हे, ते दार लावून घेणं आहे, पुन्हा जाऊन बसा. स्वतःच्या घरी कुणीही जायचं नाही, कारण आपल्या घरात आपल्याला सगळं माहीत आहे असं वाटतं आणि विचारायचंच राहतं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे अनुसूचीच्या वर छापलेलं वाक्य. ‘आपण दिलेली माहिती गुप्त ठेवली जाईल व फक्त अभ्यासासाठी वापरली जाईल.’ हे वाक्य दारात उभं राहून मोठ्यानं म्हणायचं आणि मगच पेन उघडायचं. तुम्ही ते आमच्याकडून एकेकाला उभं करून म्हणवून घेतलंत. ‘हा शब्द आहे आपला,’ म्हणालात, ‘शब्द मोडला तर त्या गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही.’ लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या यादीवरून घरांचे नंबर काढून तुम्ही चिठ्ठ्या केल्या आणि डब्याच्या झाकणात ठेवून आम्हाला उचलायला लावल्या. आमच्या घराची चिठ्ठी आली ती मळ्यातल्या मुलाच्या हातात. तो आमच्याच गावचा, आमच्याच वर्गात. त्यांचा मळा ओढ्यापलीकडे, कांद्याची शेती, त्याचे वडील, आप्पा, गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन. माझे अब्बा शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचे. तारेच्या गुंडाळ्या, व्हार्निशचा वास आणि दारात रांगेनं पडलेल्या मोटारी, असं आमचं घर होतं आणि त्यातल्या निम्म्या मोटारी मळ्यातल्या असायच्या. त्यामुळे तो मुलगा लहानपणापासून आमच्या ओट्यावर बसलेला. एसटीत आम्ही दोघं एकाच गाडीला असायचो, पण बोलणं अभ्यासापुरतं, तेही बाकीच्यांच्या देखत. अम्मीला तो चाची म्हणायचा. वर्गात तो फार बोलायचा नाही, पण त्याच्यासमोर लोक बोलायचे. प्रश्न विचारून तो खाली बघत बसायचा, घाई करायचा नाही आणि समोरच्याला ती शांतता भरून काढावीशी वाटायची. तुम्हीच म्हणाला होतात, हा एमएला गेला पाहिजे, ह्याला कान आहेत.

त्या दुपारी तो आमच्या चुलीपाशी बसला, तुमचं वाक्य म्हणाला आणि अठ्ठावीस प्रश्नांतला एकेक विचारत सत्ताविसाव्या प्रश्नापाशी आला. ‘मुलीला किती शिकवण्याचा विचार आहे?’ अम्मी आधी म्हणाली, शिकंल तेवढं. तो खाली बघत बसला. मग अम्मी म्हणाली, ‘खरं सांगू का बाळा, लिहून घेतोस व्हय? घे मग. तुम्ही गुप्त ठिवनार म्हनलास ना?’ हे मला अम्मीकडून पुढं कळलं; मी तेव्हा दोन गल्ल्या सोडून एका म्हाताऱ्याला तुमची शेती किती, असं विचारत होते.

सोमवारी तुम्ही वर्गात आलात तेव्हा काखेत अनुसूचींचा गठ्ठा होता. सगळ्या तुम्ही वाचून काढल्या होत्या. प्रत्येकीच्या शेवटी लाल शाईत ‘तपासले’ आणि खाली सही. फळ्यावर ‘भूमिका संघर्ष’ असं लिहून तुम्ही म्हणालात, पुस्तकातलं उदाहरण नको, तुम्हीच आणलेलं देतो, आणि गठ्ठ्यातून एक कागद ओढलात. मी आजही तो तास शब्दन् शब्द म्हणून दाखवू शकते. ‘उत्तरदाती स्त्री, वय अंदाजे चाळीस, शिक्षण चौथी. पतीचा व्यवसाय, मोटार रिवायंडिंग.’ सर, अख्ख्या केंदुरात मोटारी भरणारा माणूस एकच होता! नाव वाचलं नाही म्हणून गुप्त राहतं का हो? मागच्या बाकांवरची पोरं माझ्याकडे वळली आणि तुम्ही वाचतच राहिलात. ‘शिकंल तेवढं शिकवनार, आसं लोकास्नी सांगते मी. पन दौंडला बोलनं झालंया तिचं. परीक्षा झाली की निकाह. तिला सांगितलं न्हाई आजून. सांगितलं तर पेपरच द्यायची न्हाई ती, मला ठावं हाय. तिच्याकडं बघाया नगं वाटतंय सध्या.’ तुम्ही कागद खाली ठेवलात आणि म्हणालात, ‘बघा, आईची भूमिका आणि पत्नीची भूमिका. एकाच बाईच्या आत.’

माझं लग्न ठरलंय हे मला असं कळलं. फळ्यासमोर बसून, उदाहरण म्हणून. आणि मी काय केलं असेल? उठून गेले नाही, रडले नाही. वहीत ‘भूमिका संघर्ष’ लिहिलं, खाली रेघ मारली आणि ‘उदा.’ लिहून माझ्या आईचं वाक्य उतरवून घेतलं. इतकी चांगली विद्यार्थिनी होते मी तुमची! मळ्यातला मुलगा पुढच्या बाकावर मान खाली घालून बसला होता, त्याचे कान लालबुंद झाले होते. तास संपल्यावर तो तुमच्या टेबलापाशी गेला, काही बोलला आणि तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. त्यानं काय म्हटलं ते मला पुढं कळलं. तो म्हणाला होता, ‘सर, मी त्यांना शब्द दिला होता.’ आणि तुम्ही म्हणालात, ‘अरे, नाव कुठं घेतलं मी?’

दोन दिवस मी घरी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी अम्मी भाकरी थापत होती, मी समोर बसले आणि म्हटलं, दौंडला कोण आहे? तिचा हात परातीतच थांबला. ‘तेरेकू किसने बोला?’ एवढंच तिनं विचारलं. मी गप्प. तव्यावरची भाकरी करपली, तिनं ती उलटलीसुद्धा नाही. मग तीच म्हणाली, ‘वो लिखके लेनेवाला छोरा. वोच. उसकोच बोली थी मैं.’ मला वाईट कशाचं वाटलं सांगू? लग्न ठरवल्याचं कमी वाटलं. बाहेरच्या पोराला, हातात पेन आहे म्हणून, तिनं जे सांगितलं ते मला सांगितलं नव्हतं. वीस वर्षं मी तिच्या पुढ्यात बसून जेवत होते, मी कधी अठ्ठावीस प्रश्न घेऊन तिच्यासमोर बसले नव्हते, हे मात्र तेव्हा सुचलं नाही.

पुढचं सगळं गाव जाणतं, तुम्हीही जाणत होतात. अब्बा संध्याकाळी मळ्यात गेले. माझे अब्बा कधी आवाज न चढवणारे, मोटारीला सुद्धा हळू हात लावणारे. तिथं चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर ते म्हणाले, ‘आप्पा, तुमच्या पोरानं माझ्या घरातली गोष्ट कालेजात वाटली. माझ्या पोरीचा इस्कोट केला.’ आप्पांनी पोराला हाक मारली. तो म्हणाला, मी न्हाई कुणाला सांगितलं. मग कळलं कसं? तो गप्प राहिला. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. आप्पांनी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली. एक शब्द पुरे होता, ‘सरांनी वाचलं.’ त्यानं तो उच्चारला नाही. आणि गावाला गप्प बसलेल्या पोरापेक्षा चवदार काय लागतं? त्याला काय पडलं होतं तिच्या लग्नाचं, दोघं एकाच एसटीनं जातात, एकाच वर्गात बसतात, असं सुरू झालं. चेअरमनचा पोरगा आणि मिस्तरीची पोरगी, तीही मुसलमानाची. दोन्हीकडच्या शहाण्या माणसांच्या बैठका झाल्या. ते दौंडला पोचलं आणि दौंडकरांनी निरोप पाठवला की पोरगी लई शिकलीया, आमाला झेपायची न्हाई. आप्पांनी त्याचं कॉलेज बंद केलं. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. फॉर्म भरलेला होता. त्याला मामाकडे पाठवून दिलं, ते थेट पुढच्या कांद्याच्या हंगामाला परत आणलं. मळ्यातल्या मोटारी आमच्या दारात यायच्या बंद झाल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

आणि चोर काय करत होता? चोर शिरूरला आपल्या खोलीत बसून माझ्यासाठी पुण्याच्या विद्यापीठाचं माहितीपत्रक मागवत होता. रागावू नका सर, आता रागवायची पाळी माझी आहे. मला घरी बसवायचं चाललंय हे कळल्यावर तुम्ही एका रविवारी आमच्याकडे आलात. हातात तुमचा टेबलफॅन. मोटार जळलीय म्हणालात. अब्बांनी तो उघडून बघितला आणि हसले, कारण आतली तार कुणीतरी नुसती कापलेली होती. ‘सर, ह्यो जळालेला न्हाई, कापलाय.’ तुम्हीही हसलात. मग चहा झाला, आणि तुम्ही बोलायला लागलात. पोरगी हुशार आहे, विद्यापीठात वसतिगृह आहे, मुलींचं वेगळं आहे, मी स्वतः सोडून येईन, जबाबदारी माझी. अब्बा बराच वेळ पंख्याची तार जोडत राहिले. मग म्हणाले, ‘ते समदं ठीक हाय. पर सर, ह्यो मळ्यातला पोरगा आसा कसा ओ निघाला? आमच्या घरात जेवलेला.’ तुम्ही कप खाली ठेवलात, जरा थांबलात आणि म्हणालात, ‘पोरं आहेत. चुकतात.’

पोरं आहेत, चुकतात! सर, ही तीन शब्दांची गोष्ट माझ्या आयुष्यावर बसली आहे. त्या तीन शब्दांवर मी एमए झाले. विद्यापीठात संशोधन पद्धतीच्या तासाला ‘उत्तरदात्याची गोपनीयता’ हा मुद्दा आला तेव्हा बाकीच्या मुली लिहून घेत होत्या आणि मी तेवढी ओळ कोरी सोडली. वसतिगृहातल्या खोलीत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडायची. मी स्वतःची एक समजूत करून घेतली होती की तुम्ही ते मुद्दाम वाचलंत. मला कळावं, मी सावध व्हावं, म्हणून. माझ्यासाठी तुम्ही तुमचा नियम मोडलात. ही समजूत फार गोड होती आणि तिच्यावर मी बरीच वर्षं काढली. पोरीला वाचवायचं तर पोराचं नुकसान झालं, काय करणार, असा तो हिशेब. तुमच्याविषयी आदर ठेवायचा असेल तर एवढी तरी समजूत लागतेच.

ती समजूत तुम्ही दौंडच्या स्टेशनवर मोडलीत. तुम्ही निवृत्त होऊन योगायोगानं त्याच दौंडला, आपल्या घरी, राहायला गेला होतात आणि मला कॉलेजात नोकरी लागली म्हणून मी पेढे घेऊन आले होते. परत निघाले तेव्हा तुम्ही स्टेशनवर सोडायला आलात. गाडीला उशीर होता. तुम्ही बशीत चहा ओतून पीत होतात, आणि मी धीर करून विचारलं, ‘सर, तो कागद तुम्ही मला कळावं म्हणून वाचला होता ना?’ तुम्ही भुवया उंचावल्यात. ‘कुठला कागद?’ मी सांगितलं. मग तुम्हाला आठवलं, आणि सर, तुमचा चेहरा खुलला! ‘हां, हां! अगं, उदाहरण फार चांगलं होतं ते. भूमिका संघर्षाला इतकं स्वच्छ उदाहरण मला पुन्हा मिळालं नाही.’ एवढंच. हाती आलं, चांगलं होतं, वाचलंत. माझ्या लग्नाचा विचार तुमच्या डोक्यात नव्हताच. मी म्हटलं, ‘आणि त्या मुलाचं काय? अब्बांनी विचारलं तेव्हा तुम्ही एक वाक्य बोलला असता तर?’ तुम्ही बशी खाली ठेवलीत, माझ्याकडे नीट बघितलंत आणि हळू आवाजात म्हणालात, ‘हे तू मला विचारतेस?’ मी इतकी संतापले की पुढचं काही न ऐकता पुलावर चढून दुसऱ्या फलाटावर गेले, जिथं माझी गाडी येणारच नव्हती. तुम्ही तिथूनच हात केलात. मी केला नाही.

त्यानंतर सहा-सात महिन्यांत तुम्ही गेलात. शिरूरच्या कॉलेजात शोकसभा झाली, तेव्हा मला बोलायला सांगितलं. मी एसटी स्टँडची गोष्ट सांगितली, लोकांनी डोळे पुसले. मागच्या रांगेत मळ्यातला मुलगा उभा होता, बाहीची बटणं उघडी, पायात चिखलाच्या चपला. आप्पांच्या जागी आता तोच मळा बघायचा. सभा संपल्यावर मी त्याच्याकडे गेले. म्हटलं, तू कशाला आलास? तुझं आयुष्य त्यांनी... तो म्हणाला, ‘आसं नगं बोलू. सरांचं नाव घेतलं आसतं, तर तुझ्या आब्बांनी तुला कालेजात पुन्हा पाय ठिवू दिला नसता. दोघांचं बुडन्यापरीस एकाचं बुडालेलं बरं.’ मग म्हणाला, ‘मला इचारायला आवडायचं बघ. लोक लई बोलायची.’ त्याला गाडीवर पोतं टाकायचं होतं, तो गेला. तुमच्यावर मी त्या दिवशी जितकी चिडले तितकी कधीच चिडले नव्हते, आणि तुम्ही तर हार घालून भिंतीवर होतात.

आता गुरुवारच्या कागदाचं सांगते. माझ्या विद्यार्थिनी यंदा शिक्रापूरला कंपनीच्या कामगारांच्या खोल्यांचं सर्वेक्षण करतात. भाडेकरूंची अनुसूची वेगळी आणि घरमालकांची वेगळी. वर तुमचंच वाक्य छापलेलं आहे, दारात म्हणायला लावते. एका मुलीनं आणलेल्या घरमालकाच्या अनुसूचीवर नाव नाही, आम्ही लिहीतच नाही, पण मी दोन ओळींत ओळखलं. मूळ गाव केंदूर. व्यवसाय, शेती आणि पंधरा खोल्या भाड्यानं. शिक्षण, बीए तिसरं वर्ष, अपूर्ण. शिक्षण अपूर्ण राहण्याचं कारण... तिथं त्या मुलीनं त्याचा शब्द जसाच्या तसा लिहिला होता, ‘घरगुती’. ती मला म्हणाली, ‘मॅडम, ते काका भारी होते. मी विचारून खाली बघत बसले, तर ते म्हणाले, हे कुणी शिकवलं? मी तुमचं सांगितलं. तर म्हणाले, बऱ्या हायत का मॅडम? एवढंच. मी परत जाऊ का विचारायला? तुम्ही म्हणता ना, घरगुती हे उत्तर नाही?’

सर, अब्बा आता नाहीत. मळ्यातला पोरगा विश्वासघातकी, असंच मानून ते गेले. अम्मी आहे, केंदुरात असते, आणि अजूनही त्याची गाडी दारावरून गेली की तोंड फिरवते. तिला एक वाक्य सांगायला मला किती वेळ लागेल? दर महिन्याला जाते मी, तिच्या चुलीपाशी बसते, ती भाकरी थापते. तुमच्यावर तोंडसुख घेत मी इतकी पानं लिहिली, पण शेवटचं अजून लिहिलेलं नाही आणि ते लिहिल्याशिवाय हे पत्र माझ्या टेबलाच्या खणात ठेवण्याच्यासुद्धा लायकीचं नाही. पाठवायचं तर कुठं नाहीच.

त्या रविवारी अब्बांनी विचारलं तेव्हा तुम्ही कप खाली ठेवलात आणि जरा थांबलात, असं मी वर लिहिलंय. तुम्ही थांबला नव्हतात. तुम्ही बोलायला सुरुवात केली होती. ‘मिस्तरी, त्या पोराचा काही दोष नाही, ते मीच...’ इथपर्यंत आला होतात. मी पाण्याचा तांब्या घेऊन आतल्या दारात उभी होते. अब्बा खाली तारेकडे बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मी मान हलवली. नको. एकदा नाही, दोनदा हलवली. तेव्हा तुम्ही वाक्य सोडून दिलंत आणि पोरं आहेत, चुकतात, असं म्हणालात.

परवा त्या मुलीला मी म्हटलं, परत जायची गरज नाही, असू दे. ती गेल्यावर मी त्या अनुसूचीच्या शेवटी लाल शाईनं ‘तपासले’ लिहिलं आणि खाली सही केली.